पडद्यावरची तसबीर आणि फडातली विठाबाई

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्या आयुष्यावर हिंदी चित्रपट होत असल्याच्या आणि त्यात श्रद्धा कपूर ही नामवंत अभिनेत्री विठाबाईंची भूमिका करत असल्याच्या बातम्या २०२५ साली आल्या. जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावच्या मांग कुटुंबातली तमासगीर बाई देशभरच्या पडद्यावर जाणार, याचा कुणालाही आनंद व्हावा. आम्हालाही आहे. पण आनंदाच्या भरात एक प्रश्न विसरून चालणार नाही. तमासगीर बाईची चित्रे या महाराष्ट्राने गेली पाऊणशे वर्षे काढली. पोस्टरवर काढली, कॅलेंडरवर काढली, पडद्यावर काढली. चेहरा मात्र बहुतेक वेळा दुसऱ्याच बाईचा होता. जिच्या गळ्यातून आणि पायांतून ही चित्रे उचलली, तिच्या पदरात काय पडले?

हा प्रश्न एखाद्या अभिनेत्रीच्या विरोधात नाही. कुणी कुठलीही भूमिका करावी, ते तिचे काम आहे. प्रश्न व्यवहाराचा आहे, आणि तो इतिहासातूनच सोडवावा लागतो.

विठाबाईंचा जन्म जुलै १९३५चा, पंढरपूरचा. आजोबा नारायण खुडे यांनी फड उभा केला. वडील भाऊ आणि चुलते बापू यांनी तो 'भाऊ-बापू मांग नारायणगावकर' या नावाने गावोगाव नेला. हे नाव नीट वाचा. त्यात जात उघड लिहिलेली आहे. आज कुणी म्हणेल, जात कशाला लिहायची? पण ज्या गावात मांगाची सावली चालत नव्हती, त्याच गावात मांगाच्या फडापुढे सगळा गाव रात्रभर बसत होता, हे त्या एका शब्दातून कळते. पुढे शासनाने विठाबाईंच्या नावाने पुरस्कार सुरू केला, तेव्हा 'नारायणगावकर' राहिले आणि 'भाऊ मांग' गळाले. तसबीर चौकटीत बसवताना कडेचा कागद कापतात, तसा हा शब्द कापला गेला.

पंढरपूरवरून आणखी एक गोष्ट आठवते. चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांचाही जन्म पंढरपूरचाच, १९१५ सालचा. मुंबईत सिनेमाचे बोर्ड रंगवून त्यांनी पोट भरले आणि जगातला मोठा चित्रकार होण्यापर्यंत मजल मारली. १९९४ साली 'हम आपके हैं कौन' पाहून ते माधुरी दीक्षितवर इतके भाळले, की त्यांनी तिची चित्रांची मालिका काढली आणि २००० साली तिला घेऊन 'गजगामिनी' हा चित्रपटही केला. तेव्हा वर्तमानपत्रांची पानेच्या पाने या चित्रकाराने आणि त्याच्या नायिकेने व्यापली होती. त्याच वर्षांत पंढरपुरातच जन्मलेली आणि राष्ट्रपतींचे पदक दोनदा मिळवलेली दुसरी एक कलावंतीण म्हातारपण आणि दारिद्र्य यांच्याशी झगडत होती. हुसेन यांनी कुणाचे चित्र काढावे हे त्यांचे स्वातंत्र्य होते. मुद्दा समाजाच्या डोळ्यांचा आहे. कुठली बाई 'चित्र काढण्याजोगी' वाटते, हे ते डोळे कुठे वाढले त्यावर ठरते.

सिनेमाचे हे डोळे कसे घडले, ते पाहू. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती मिळेना. पांढरपेशा घरांतल्या बायका सोडाच, वेश्यावस्तीतल्या बायकांनीही नकार दिला. शेवटी साळुंके नावाच्या स्वयंपाक्याने लुगडे नेसून तारामती केली. १९२० साली कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी 'सैरंध्री'त गुलाबबाई आणि अनसूयाबाई यांना उभे केले, तेव्हा पडद्यावर त्यांची नावे कमलादेवी आणि सुशीलादेवी झाली. बाबूराव स्वतः उत्तम चित्रकार. आपल्या चित्रपटांची पोस्टरे ते स्वतः रंगवत. म्हणजे मराठी सिनेमा आणि नटीची रंगवलेली तसबीर ही जुळी भावंडे आहेत. आणि पहिल्या दिवसापासून रीत अशी की चेहरा दिसावा, पण 'बाई' पुसून 'देवी' व्हावी. नाव बदलले की माणूस कुठून आला हे विचारायची सोय उरत नाही.

आता तमाशापटांकडे येऊ. १९४७ साली व्ही. शांताराम यांच्या राजकमलचा 'लोकशाहीर रामजोशी' आला. हंसा वाडकर त्यातली नायिका होती आणि नायक होता पेशवाईतला ब्राह्मण शाहीर. चित्रपट तुफान चालला. याच सुमारास बाळासाहेब खेर यांच्या सरकारने खऱ्या तमाशावर अश्लीलतेच्या नावाखाली बंदी घातली आणि नंतर दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधारणा समिती नेमली. थिएटरातला तमाशा ही कला आणि राहुटीतला तमाशा हा गुन्हा, असा हा न्याय होता. १९५९ साली अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' आला. जयश्री गडकर त्यातून घराघरांत पोचल्या. पुण्याच्या विजयानंद थिएटरात हा चित्रपट १३१ आठवडे चालला. १९७२ साली शांताराम यांनी 'पिंजरा' काढला. त्याची कल्पना जर्मनीच्या 'द ब्लू एंजल' या १९३० सालच्या चित्रपटावरून घेतलेली. तिकडे मास्तरला नादी लावणारी गाणारी बाई मार्लेन डिट्रिश झाली होती, इकडे संध्या झाल्या. कथा तीच राहिली. आदर्श मास्तर, नाचणारी बाई आणि मास्तरचा नाश. गावच्या पाटलाने, सावकाराने, वतनदाराने फडातल्या बाईचा किती नाश केला, याचा चित्रपट काढायला मात्र कुणी जर्मनीला गेले नाही. त्यासाठी जाण्याची गरजही नव्हती. गावात विचारले असते तरी भागले असते.

अपवाद एक सांगितला पाहिजे. अण्णाभाऊ साठे यांनी 'वैजयंता' कादंबरी लिहिली आणि १९६१ साली तिच्यावर गजानन जागीरदार यांनी चित्रपट केला. अण्णाभाऊ स्वतः तमाशात वावरलेले, मांग समाजातले, नंतर कामगारांचे शाहीर. त्यांच्या लेखणीतली तमासगीर बाई मोहात पाडणारी बाहुली नाही. ती घाम गाळणारी, मानाने जगू पाहणारी कष्टकरी आहे. लिहिणारा हात बदलला की तसबिरीचे डोळे बदलतात, ते असे.

इथे एक आक्षेप येतो. कलेला जात नसते, तमासगीर बाईची भूमिका कुणीही का करू नये? करावी की. पण उलट दिशेने काय झाले तेही पाहा. केरळमध्ये पी. के. रोझी नावाची दलित मजूर बाई जे. सी. डॅनियल यांच्या 'विगतकुमारन' या पहिल्या मल्याळम मूकपटात नायिका झाली. तिने भूमिका केली ती नायर घरातल्या स्त्रीची. दलित बाई सवर्ण बाई म्हणून पडद्यावर आली, एवढ्यावरून प्रेक्षक पेटले. तिला खेळाला बसू दिले नाही. तिचे घर जाळले. ती तमिळनाडूत पळून गेली आणि नाव टाकून जगली. चित्रपटाची प्रत राहिली नाही. तिचा म्हणून जो फोटो फिरतो, तो तिचाच आहे याची खात्री देता येत नाही. १० फेब्रुवारी २०२३ रोजी गुगलने तिचे चित्र आपल्या पानावर लावले, तेही चित्रकाराला कल्पनेनेच काढावे लागले. वरून खाली येणाऱ्या बाईला टाळ्या आणि तसबिरी मिळतात, खालून वर जाणाऱ्या बाईचे घर जळते. कलेला जात नसती, तर रस्ता दोन्ही बाजूंनी मोकळा असता.

दुसरे उदाहरण हंसा वाडकर यांचे. मूळ नाव रतन साळगावकर. कलावंत घराण्यातून आलेली ही मुलगी दहा-अकरा वर्षांची असताना घर चालवण्यासाठी सिनेमात आली. पडद्यावर तिने तमासगीर बाई रंगवली आणि स्वतःच्या आयुष्यात नवरा, कंपन्यांचे मालक आणि व्यसन यांच्यात ती भरडली गेली. १९७० साली तिचे आत्मकथन आले, नाव 'सांगत्ये ऐका'. पुढच्याच वर्षी ती गेली. श्याम बेनेगल यांनी त्यावरून १९७७ साली 'भूमिका' केला आणि स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. इथे निदान एक गोष्ट बरी झाली. आधी बाई स्वतः बोलली, मग तिचे चित्र निघाले. विठाबाईंच्या पिढीतल्या फडातल्या बायकांना हे भाग्य क्वचित मिळाले. त्यांचे बोलणे वगात गेले, सवालजवाबात गेले, आणि पहाट झाली की राहुटीबरोबर गुंडाळले गेले.

आता आपल्या घराकडेही पाहिले पाहिजे. आंबेडकरी चळवळीने तमाशाकडे कसे पाहिले? संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावची पवळा ही महार समाजातली कलावंतीण. फडात उभी राहिलेली पहिली नामांकित स्त्री म्हणून तिचे नाव घेतले जाते. ज्यांच्या फडात ती गाजली ते पठ्ठे बापूराव म्हणजे श्रीधर कृष्णराव कुलकर्णी. बापूरावांनी चळवळीला देऊ केलेले पैसे बाबासाहेबांनी घेतले नाहीत, महारांच्या मुली नाचवून मिळालेला पैसा नको म्हणाले, ही हकीकत चळवळीत आजही सांगितली जाते. १६ जून १९३६ रोजी मुंबईच्या दामोदर हॉलमध्ये वाघ्या, मुरळी, देवदासी यांच्यापुढे बोलताना हे जिणे सोडा, असेच बाबासाहेबांनी सांगितले. सत्यशोधकांनी तमाशाचा साचा घेऊन जलसे उभे केले. त्यात पुढाकार होता जुन्नर तालुक्यातल्याच ओतूरच्या भीमराव महामुनींचा. मग भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी आंबेडकरी जलसे नेले. गवळण गेली, नाचणारी बाई गेली, त्या जागी अस्पृश्यता, शिक्षण, सावकारी यांवरचे संवाद आले.

हे योग्यच होते. जातीने गळ्यात अडकवलेला धंदा टाकणे ही मुक्तीची पहिली पायरी आहे. पण धंदा नाकारणे आणि त्या धंद्यात अडकलेल्या बाईला विसरणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण पहिली करताना कळत नकळत दुसरीही केली. जलशाच्या गाडीत फडातल्या बाईला जागा झाली नाही. तिचे गाणे शहरातल्या सिनेमाने नेले, तिचे दुःख कुणीच नेले नाही.

विठाबाईंबद्दल सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे त्यांचे बाळंतपण. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर उभ्या होत्या. खेळ चालू असताना कळा सुरू झाल्या. आत जाऊन त्या बाळंत झाल्या, दगडाने नाळ ठेचली आणि पुन्हा खेळाला उभ्या राहायला निघाल्या. पोट दिसेना तेव्हा लोकांनी विचारले, खरे कळल्यावर खेळ थांबवला आणि हात जोडले. ही गोष्ट भाषणात सांगितली की टाळ्या पडतात. चित्रपटातही हाच प्रसंग सगळ्यात मोठा होईल. संगीत चढेल, प्रेक्षक रडतील, अभिनेत्रीचे कौतुक होईल.

पण ही गोष्ट कौतुकाची आहे का? एका बाईला नवव्या महिन्यात नाचावे का लागले? कारण सुपारी घेतलेली होती. खेळ बुडाला तर गाव पैसे देत नाही, उलट फडावर चालून येते. कलावंत हंगामाच्या आधी मालकाकडून उचल घेतात आणि मालक सावकाराकडून. त्या साखळीत बाळंतपणाला सुट्टी नावाची कडीच नाही. दगडाने नाळ तोडणे हे कलेवरच्या निष्ठेचे उदाहरण म्हणून सांगणाऱ्यांनी आपल्या घरातल्या सुनेकडून ही निष्ठा मागून पाहावी.

बाबासाहेबांनी या प्रश्नाचे उत्तर विठाबाईंच्या जन्माच्या सात वर्षे आधी दिले होते. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदे मंडळात प्रसूती लाभाच्या बिलाला पाठिंबा देताना त्यांनी मांडले, की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर बाईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, त्यामुळे त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे, आणि बाईच्या श्रमाचा फायदा घेणाऱ्या मालकालाही हात झटकता येणार नाहीत. १९२९ साली मुंबई प्रांतात कायदा झाला, पण तो गिरणीकामगार बाईपुरता. पुढे १९६१चा केंद्रीय कायदा आला. १९७३ साली त्यात घोड्यांचे खेळ, कसरती 'आणि इतर खेळ' दाखवणाऱ्या आस्थापनाही आल्या. हा बदल झाला सर्कशीतल्या बायकांना डोळ्यापुढे ठेवून. मागच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम ही त्यातली पुढची अट होती. दसऱ्याला बाहेर पडलेला फड वैशाखापर्यंत फिरतो. ८० दिवसांची अट फडातली बाई सहज ओलांडते. मग त्या कायद्यातल्या 'इतर खेळ' या शब्दांत तमाशा का बसला नसता? बसवायला कुणी भांडलेच नाही. पदक देणारे सरकार होते, टाळ्या देणारे रसिक होते, कायदा दाखवणारे कुणी नव्हते.

राष्ट्रपती पदक विठाबाईंना १९५७ साली मिळाले आणि पुन्हा १९९० साली. या दोन पदकांच्या मध्ये ३३ वर्षे गेली, आणि त्या ३३ वर्षांत त्यांच्या पोटापाण्याची शाश्वती काही झाली नाही. १५ जानेवारी २००२ रोजी त्या गेल्या, तेव्हा दवाखान्याचे बिल लोकांच्या वर्गणीतून भागवावे लागले. २००६ साली शासनाने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. जिवंत असताना बिल भरायला कुणी नाही आणि गेल्यावर नावाने पुरस्कार, ही आपल्या समाजाची जुनी चाल आहे. जिवंत बाई हक्क मागते, तसबीर काही मागत नाही. म्हणून तसबीर सगळ्यांना परवडते.

आजही गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या ओळीने लागतात. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतलेच नव्हे, तर नाशिक-नगरकडचेही गावकरी आपापल्या यात्रेची सुपारी द्यायला येतात. मंचर-घोडेगाव भागातल्या यात्रांना तमाशा नसेल तर यात्रा झाल्यासारखी वाटत नाही. विठाबाईंच्या लेकी मंगला बनसोडे यांनी फड चालू ठेवला. २०२० आणि २०२१ असे लागोपाठ दोन यात्रा हंगाम टाळेबंदीत बुडाले, तेव्हा कलावंतांना मिळेल ती मजुरी करावी लागली. राहुटीत बसलेल्या या बायकांची कुणी तसबीर काढत नाही. त्या रोज मेकअप करून स्वतःच स्वतःची तसबीर काढतात आणि पहाटे धुऊन टाकतात.

चित्रपट येईल तेव्हा तो पाहावाच. पण पाहताना तीन गोष्टी तपासाव्यात. एक, नावातला 'भाऊ मांग' पडद्यावर उच्चारला जातो का, आणि गावकुसाबाहेरचे घर दिसते का. दोन, बाळंतपणाच्या प्रसंगात फक्त बाईचे धैर्य दिसते, की तिला त्या अवस्थेत उभे करणारी सुपारी आणि उचलही दिसते. तीन, ज्या मांग, महार, कोल्हाटी कलावंतांच्या चाली आणि अदा वापरल्या, त्यांची नावे श्रेयनामावलीत आहेत का आणि त्यांना मोबदला मिळाला का.

आणि मागणी एकच करायची तर ती पुतळ्याची करू नये. फडातल्या प्रत्येक बाईची कामगार म्हणून नोंद व्हावी, तिला प्रसूतीची पगारी रजा, विमा आणि म्हातारपणी विनवण्या न करता मिळणारे निवृत्तिवेतन मिळावे, आणि तिच्या मुलांसाठी हंगामभर वसतिगृहाची सोय व्हावी. तिच्या मुलीला तमाशात यायचे असेल तर तिने हौसेने यावे, यायचे नसेल तर शिकून कलेक्टर व्हावे. निवड तिची असावी, जातीची नसावी. बाबासाहेबांच्या १९२८च्या भाषणाचा फडापुरता अर्थ एवढाच आहे. तो अमलात आला, तर पुन्हा कुठल्या विठाला नाळ तोडायला दगड शोधावा लागणार नाही. विठाबाईंना मानवंदना द्यायची, तर ती या रीतीने द्यावी.

जय भीम. जय अण्णाभाऊ.